आई-बाबा, तवसं पोचलं

आई, बाबा,

तवसं पोचलं. अजिबात मार लागलेला नाही. बाबांनी पेंढ्यात बांधून वर जुनं धोतर गुंडाळलं होतं ते इतकं घट्ट होतं की सोडायलाच मला पाच मिनिटं लागली. शेजारचा मुलगा रात्रभर मांडीवर घेऊन बसला होता म्हणाला, सकाळी भांडुप स्टेशनवर माझ्या हातात दिलं आणि तसाच ड्युटीला गेला, चहाला पण थांबला नाही. घरी येऊन काट्यावर ठेवलं तर एका काकडीचं वजन २ किलो ३०० ग्रॅम! पिवळं धम्मक, देठाला सुतळी तशीच, म्हणजे माजघरातल्या वाशाला टांगलेल्यातलंच ना हे?

पत्र लिहितेय कारण फोनवर काहीच नीट बोलून होत नाही. बाबांना ऐकू येत नाही, ते लगेच आईकडे देतात, आणि आई तू सगळ्याला "बरा असा, बरा असा" म्हणून ठेवून देतेस. आणि मला जे सांगायचंय ते जरा लांबलचक आहे. तेव्हा बाबा, दुपारी चष्मा लावून सावकाश वाचा आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा.

तर त्या तवशाचं धोंडस केलं. एकटीने, पहिल्यांदा. आई, तू सांगितल्याप्रमाणे आधी देठाकडचा तुकडा चाखून बघितला, कडू नव्हता. मग सालं काढून, बिया काढून किसलं आणि किस पिळला नाही, हे तू तीनदा बजावलं होतंस. चार वाट्या किस, त्याला दोन वाट्या तांदळाचा रवा. गावची जात्यावरची भरड इथे कुठून मिळणार, म्हणून वाण्याकडचा इडलीचा रवा घेतला, तुपावर खमंग वास सुटेपर्यंत भाजला. दीड वाटी गूळ, वाटीभर ओलं खोबरं, मिठाची चिमूट, वेलची, आणि तुम्ही पाठवलेले काजू मोडून. किस आणि गूळ एकत्र उकळायला ठेवला आणि अक्षरशः पाचव्या मिनिटाला टोपात एवढं पाणी सुटलं की मला कळलं तू पाण्याचा थेंब घालू नको का म्हणतेस. रवा त्या पाण्यातच शिजला, फुलला, टोपाच्या कडा सोडायला लागला.

हळदीची पानं दादरला मिळाली, स्टेशनबाहेर भाजीवाल्या बसतात तिथे एकीकडेच होती, बाकी सगळ्या "गणपतीत यायचं होतं ताई" म्हणाल्या. पानं तव्यावर जराशी शेकून डब्याच्या तळाला अंथरली, वर मिश्रण थापलं, वरून परत पान. तू चुलीवर टोप ठेवून झाकणावर निखारे घालायचीस, माझ्याकडे ओव्हन आहे, १८० डिग्रीवर पाऊण तास ठेवलं. अर्ध्या तासाने तो वास आला ना आई. हळदीच्या पानाचा आणि करपत आलेल्या गुळाचा. ओम कॉलेजचा अभ्यास टाकून किचनमध्ये आला आणि म्हणाला, आजीच्या घरासारखा वास येतोय. मी पाठ फिरवून भांडी घासत राहिले, डोळे भरून आले होते म्हणून.

पूर्ण गार होईपर्यंत सुरी लावायची नाही हे पण पाळलं. रात्री कापलं, वड्या एकदम सुबक पडल्या, वर तुपाची धार. समीरने चार खाल्ल्या. शेजारच्या काकूंना दिल्या, त्या देशावरच्या, त्यांनी काकडीचं गोड कधी खाल्लंच नव्हतं, त्या भोपळ्याचे घारगे करतात या दिवसात, त्यांनी वाटी परत देताना त्यात पाच घारगे घालून दिले. लाल भोपळ्याचा किस गुळात शिजवून त्यात मावेल तेवढीच कणीक आणि थोडं तांदळाचं पीठ, असं त्यांचं प्रमाण, आणि एकेक घारगा खसखस लावून थापायचा. मला वाटतं आपल्या धोंडसाची आणि घारग्याची जात एकच, जो वेल पावसात छपरावर चढतो तोच आश्विनात ताटात येतो.

कोजागिरी पण छान झाली. इथे अजून उकाडा भयंकर आहे, पाऊस गेला की मुंबईत जो ऑक्टोबर सुरू होतो तो तुम्हाला माहितीच आहे, दिवसा ३५ डिग्री आणि अंगाला चिकचिक. पण रात्री गच्चीवर जरा वारा होता. या वेळी दुधाचं काम मी अंगावर घेतलं. ५ लिटर दूध, आटवून ४ लिटर केलं, चाळीस माणसांना छोटे कप पुरले. आई, तुझी बशीची युक्ती, टोपाच्या तळाला बशी पालथी घालायची म्हणजे दूध लागत नाही आणि उतू जात नाही, ती बघायला खालच्या मजल्यावरच्या दोन नव्या सुना येऊन उभ्या राहिल्या. बदाम, पिस्ते, चारोळी, केशर, वेलची, आणि जायफळ गॅस बंद केल्यावर. बाबा तुमचं ते नेहमीचं वाक्य पण मी तिथे सगळ्यांना ऐकवलं, शरदात पित्त चढतं म्हणून चांदण्यात गार केलेलं दूध प्यायचं, यात देवाइतकंच वैद्याचं पण डोकं आहे. तुमच्यासाठी बिनसाखरेचा एक कप बाजूला काढला होता, सवयीने. मग मीच प्यायले.

आता मुद्द्यावर येते.

आई, तुझ्या हाताचं प्लास्टर निघालं पण मूठ नीट वळत नाही, हे मला तू नाही, वहिनीने सांगितलं. श्रावणात अंगणातल्या शेवाळावरून तू घसरलीस तेव्हा पण मला दोन दिवसांनी कळलं. आणि आता वहिनी म्हणते तू फराळाचे डबे भरायला घेणार, पुण्याला दादाचा आणि इकडे माझा. आई, नको. हात जोडून सांगते, या वर्षी तू एक करंजीसुद्धा मुरडायची नाहीस.

फराळ या वर्षी मी करतेय. गेली काही वर्षं आमच्या इथल्या बचत गटाच्या बायकांकडून मागवत होते, त्या खरंच मनापासून करतात, त्यांच्या शंकरपाळ्या तर माझ्याहून चांगल्या, त्या त्यांच्याकडूनच घेणार. पण चकली आपल्या घरची हवी. भाजणी करून ठेवली पण. ४ वाट्या तांदूळ, २ वाट्या हरभरा डाळ, १ वाटी उडीद डाळ, अर्धी मूग डाळ, अर्धी वाटी पोहे, धणे, जिरे. डाळ-तांदूळ धुऊन पंख्याखाली पंच्यावर दोन दिवस वाळवले, एकेक वेगळं भाजलं. गिरणीत सकाळी लवकर गेले आणि सांगितलं की गव्हावर दळायचं नाही, आधी कोणाची डाळ असेल तर त्याच्यावर घाला. तो हसला, म्हणाला, ताई हे आता फक्त म्हातारी माणसं सांगतात. मला फार बरं वाटलं ते ऐकून.

अडलंय ते मोहनापाशी. जास्त झालं की चकली तेलात विरघळते, कमी झालं की दगड, आणि आच कमी असली की तेल पिऊन मऊ पडते, हे सगळं मला तोंडपाठ आहे. पण तुझं मोहन म्हणजे "पिठाची मूठ वळून बघ, राहिली तर बरोबर". आई, कोणाची मूठ? तुझी मूठ. चाळीस वर्षं तू मुठीने, चिमटीने, ओंजळीने सगळं मोजलंस आणि आम्ही नुसतं खाल्लं. मी एक छोटा काटा घेतलाय, ग्रॅमवाला. तू खुर्चीत बसायचं, परातीत हात घालायचा, मूठ भरायची आणि ती मी काट्यावर ठेवून वहीत लिहिणार. हात आखडलाय तर जेवढी भरेल तेवढी भर, आणि सांग की पूर्वी याच्या दीडपट असायची की दुप्पट. सांबाराच्या खोबऱ्याची मूठ, काळ्या वाटाण्याची, आंबोळीच्या मेथीची चिमूट, सगळ्याची वजनं मला हवीयत. ओमला पण हवीयत, तो पुढच्या वर्षी शिकायला बाहेर जाईल, तिकडे कोणाची मूठ बघणार तो.

आणि बाबा, आता तुमच्याशी.

गेल्या आठवड्यात फोनवर बोलता बोलता तुम्ही म्हणालात, "त्या दिवाळेक तुमका एक करंजी सुद्धा देऊक नाय मी." आणि फोन आईला दिलात. मला कळलं तुम्ही ८२ ची दिवाळी म्हणताय. मी त्यानंतर चार दिवस तेच घेऊन फिरतेय डोक्यात, म्हणून हे पत्र.

बाबा, मी सात वर्षांची होते. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला होता आणि दिवाळी आली तरी भोंगा वाजला नव्हता, एवढं मोठं झाल्यावर कळलं. तेव्हा मला फक्त एवढं माहीत होतं की तुम्ही दिवसा घरी असता. चिवडा गल्लीतून तळणीचा वास आमच्या चाळीपर्यंत यायचा आणि आईच्या चुलीवर कढई चढली नव्हती हे खरं आहे. पण त्या चावदिसाला, नरकचतुर्दशीला, गावाहून आजीने पोहे पाठवले होते, नव्या भाताचे, अजून कांडल्याचा वास असलेले, बरोबर नारळ आणि गुळाची ढेप. पहाटे तुम्ही मला उटणं लावलंत, गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीपाशी मी डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडलं, "गोविंदा गोविंदा" ओरडलो आपण, ते कडू बी जिभेला लावलं, आणि आत आल्यावर आईने गुळाचे पोहे, ताकातले पोहे, फोडणीचे पोहे आणि काळ्या वाटाण्याची उसळ असं सगळं खाली मांडलं होतं. मजल्यावरच्या अकरा खोल्यांतली पोरं आमच्याकडे आली. त्यांच्याही घरी करंज्या नव्हत्या बाबा, सगळे गिरणीतलेच तर होते. गुळाचे पोहे ओल्या खोबऱ्याबरोबर बोटाने निपटून खाल्लेले मला आजही आठवतात, ताटलीला चिकटलेला तो गूळ, दादाने माझ्या ताटलीतला चोरला म्हणून मी त्याला चावले ते पण.

तुम्ही आत आला नव्हतात. गॅलरीत कठड्याला टेकून उभे होतात. मला वाटलं तुम्हाला भूक नाही.

मला करंजीची आठवण नाहीये बाबा. खरंच नाहीये. मला पोह्यांची आहे. दर दिवाळीला सगळा फराळ समोर असला तरी चावदिसाच्या सकाळी मी आधी गुळाचे पोहे करते, समीरच्या घरी ही पद्धत नव्हती, आता त्यांच्याकडे पण होतात, ओमला तर तीच दिवाळी वाटते. तुम्ही इतकी वर्षं जे द्यायचं राहिलं म्हणून मनात धरलंय तेच आम्ही पुढे नेतोय.

म्हणून या वर्षी चावदिसाला तुम्ही दोघं माझ्याकडे हवेत. लेकीच्या घरी दिवाळी नको, जावयाला बरं दिसत नाही, हे तुम्ही म्हणणार हे मला माहितीये. जावयालाच विचारा, त्यानेच ऑगस्टमध्ये बसून तिकिटं काढलीत. हल्ली ६० दिवस आधीच बुकिंग उघडतं, सकाळी आठ वाजता दोन मोबाईल आणि एक लॅपटॉप घेऊन बसलो होतो. कुडाळहून तुतारी एक्सप्रेस, दोन्ही लोअर बर्थ, धनत्रयोदशीच्या आदल्या संध्याकाळची. तुम्ही नाही म्हणाल म्हणून आत्तापर्यंत सांगितलं नाही, त्याबद्दल रागवा, पण इथे येऊन रागवा. दादा-वहिनी भाऊबीजेला पुण्याहून येतायत. घराला कुलूप लावायची काळजी नको, शेजारी बोललेय मी, गाय दोन आठवडे ते बघतील.

दादरला सकाळी गाडी लागली की डब्यातच बसून राहा, गर्दी उतरू दे, समीर आणि ओम आत येऊन सामान घेतील. आईने काही उचलायचं नाही. बाबांची साखरेची गोळी वरच्या कप्प्यात ठेवा, मागच्या वेळी ट्रंकेच्या तळाशी गेली होती.

येताना नवे पोहे आणा, दोन किलो पुरे, कांडून झाले नसतील तर एक किलो. वाशाला अजून एखादं तवसं असेल तर तेही, आणि कारिटं आणू नका, ती दादरच्या बाजारात मिळतात. हळदीची पानं मात्र आणाच, दहा-बारा, देठासकट, वर्तमानपत्रात गुंडाळून. प्लास्टिकमध्ये नको, काळी पडतात.

तुमची,
बेबी