रिपोर्टमधली ‘मूळव्याध’ कशी वाचावी?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कोलोनोस्कोपीच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीतून केलेल्या तपासणीच्या रिपोर्टमध्ये ‘अंतर्गत मूळव्याध, ग्रेड १’ असं दिसलं की ठाण्यात कुणी लोकलच्या डब्यातल्या जाहिरातीवरचा नंबर फिरवतो, तर कुणी ‘रक्त मूळव्याधीचंच होतं’ म्हणून निर्धास्त होतो. आमच्या मते दुसरी चूक अधिक घातक.

गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या प्रत्येकालाच असतात. त्या फुगून खाली सरकल्या की मूळव्याध. ऑस्ट्रियात कोलोनोस्कोपी केलेल्या ९७६ प्रौढांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ३८० जणांना मूळव्याध आढळली, पैकी २७७ जणांची पहिल्या ग्रेडची, म्हणजे कोंब बाहेर न येणारी. या ३८० मधल्या २१० जणांना काहीच त्रास नव्हता. त्रास नसलेल्या मूळव्याधीला लेझर, ऑपरेशन काहीही लागत नाही.

ग्रेडही दुर्बिणीतून पक्की ठरत नाही. रुग्ण गुंगीत, कुशीवर असतो. कोंब बाहेर येतो का, आपोआप आत जातो की बोटाने ढकलावा लागतो, हे त्याला विचारूनच कळतं.

अंतर्गत मूळव्याधीचं रक्त लालभडक, बहुधा न दुखता पडतं. गुदाशयाच्या कॅन्सरचं रक्तही तसंच असू शकतं. म्हणून रिपोर्टमध्ये आधी हे शोधा: दुर्बीण मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे सीकमपर्यंत पोहोचली का? आतडं किती स्वच्छ होतं? बोस्टन मापनात ९ पैकी किमान ६ गुण, आणि आतड्याच्या तिन्ही भागांत प्रत्येकी किमान २ हवेत. दुर्बीण बाहेर काढताना निदान ६ मिनिटं पाहणी झाली का? हिमोग्लोबिन कमी असेल तर या प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय मूळव्याधीवर खापर फोडू नये.

आतड्याची सफाई फसते ती अनेकदा जुलाबाच्या औषधाच्या वेळेमुळे. पहाटे उठायला नको म्हणून सगळं औषध आदल्या संध्याकाळीच संपवलं जातं. रात्रभरात लहान आतड्यातला पित्तमिश्रित चिकट रस उतरून उजव्या बाजूला थर धरतो आणि त्याखाली चपटे पॉलिप (आतड्याच्या अस्तरावरच्या वाढी) लपतात. औषधाचा दुसरा अर्धा भाग तपासणीच्या ४ ते ६ तास आधी सुरू करावा आणि २ तास आधी संपवावा. सकाळी ९ची वेळ असेल तर पहाटे ४ला उठावंच लागेल. शेवटचे जुलाब फिकट पिवळे, पारदर्शक हवेत. (लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी, डॉक्टरांना विचारून बंद कराव्यात.)

पहिल्या ग्रेडला त्रास असेल तर रोज दोन चमचे इसबगोल, पूर्ण ग्लासभर पाण्यात. पाणी कमी पडलं तर शौच उलट घट्ट होतं. कुंथू नये, मोबाइल संडासाबाहेर ठेवावा. फरक पडायला काही आठवडे लागतात. तरीही रक्त थांबलं नाही तर मूळव्याधीच्या मुळाशी घट्ट रबर बँड बसवण्याचा विचार करता येतो. बँड वेदना जाणवणाऱ्या भागाच्या वरच बसायला हवा. खाली बसला तर असह्य दुखतं.

रिपोर्ट लिहिणाऱ्या सहकाऱ्यांना विनंती: ‘मूळव्याध’ लिहाल तिथे ताज्या रक्तस्रावाची खूण दिसली की नाही, हेही लिहा.

आपले,
एंडोस्कोपी विभागात काम करणारे काही डॉक्टर, ठाणे