वहिनीच्या साड्यांची गोधडी

सेंदाई, जपान

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

वहिनी गेल्यापासून आईचं कपाट उघडतेस आणि तसंच बंद करतेस, असं तू परवा म्हणालीस. साताऱ्याच्या काकू साड्या वाटून मोकळी हो म्हणतात. वाटायच्या त्या वाट, पण दोन सुती साड्या मागे ठेव. त्यांची गोधडी होते. फोनवर निम्मं सांगायचं राहून जातं, म्हणून लिहून पाठवते.

पहिलं म्हणजे कात्रीला हात लावू नकोस. मासिक श्राद्ध होऊ दे, डोकं थोडं थाऱ्यावर येऊ दे. उसवलेलं पुन्हा शिवता येतं, कापलेलं जोडलं तरी जोड दिसतो. तोवर जुनी चादर घे, दीड फुटाचे चार चौकोन काप, एकावर एक ठेव आणि त्यावर टाका बसव. हात बसेपर्यंत वहिनीची साडी मध्ये आणायची नाही.

आणि एक साडी न धुता ठेव. नेसून घडी घातलेली एखादी असेलच. हवाबंद पिशवीत घाल आणि अंधारात ठेव. धुतली की वास गेला, तो परत आणता येत नाही. बाकी सगळं धुवायचंच आहे.

साडी निवडताना अंगावर कशी दिसायची ते नको, सूत बघ. आतल्या कडेचा एक धागा ओढून चिमट्यात धर आणि पेटव. सूत कागदासारखं जळतं आणि करडी भुसभुशीत राख राहते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. पॉलिस्टर वितळतं आणि त्याची कडक गुठळी होते. पॉलिस्टर अजिबात घ्यायचं नाही. थर एकमेकांवरून सरकतात, आणि बडोद्याच्या मे महिन्यात अशी गोधडी कोणी अंगावर घेणार नाही. चंदेरी-माहेश्वरीही नको. त्यात बहुधा रेशीम असतं, जुनं झालं की घडीवर चिरतं. बांधणी असेल तर ओला पांढरा फडका ठेवून वरून इस्त्री दाब. फडका लाल झाला तर ती साडी गोधडीत नको, बाकीचे थर रंगवेल. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं आपल्याकडे सगळ्याजणी सांगतात. होत नाही. सुटायचा तो रंग सुटतोच.

फॉल उसवून काढ, तो बहुतेक पॉलिस्टरचा असतो. त्याच्या खालचं कापड टाचेशी घासून विरलेलं असेल. निऱ्यांचा भागही बघ. उजेडासमोर धर, मग दोन अंगठ्यांमध्ये ताणून पाहा. चर्र आवाज आला तर तो तुकडा आतल्या थरात जाईल, वर नाही. फेकू मात्र नकोस. वरखाली धड थर असले की विरलेलं कापड मध्ये सुखाने राहतं, गोधडीचं सगळं शहाणपण तेवढंच आहे.

मग खळ काढायची. कोमट पाण्यात रात्रभर भिजव, सकाळी साध्या साबणाने धू, कम्फर्ट-बिम्फर्ट घालू नकोस. खळ राहिली तर सुई अडते, आणि कसर तर खळीवरच जगते.

आता हिशेब. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे २१६ इंच लांब आणि ४५ इंच पन्ह्याची. पण जुनी आटलेली असते, म्हणून आधी टेप लाव. एका साडीचे ७२ इंचांचे तीन तुकडे होतात, दोन साड्यांचे सहा. त्यातले चार अख्खे ठेव. उरलेल्या दोघांच्या लांबीतून १५ इंचांच्या तीन-तीन पट्ट्या काढ. प्रत्येक अख्ख्या तुकड्याला एक पट्टी जोडली की सहा फूट बाय पाच फुटांचे चार थर होतात आणि दोन पट्ट्या किनारीला उरतात. सहा फुटांत दादाचे, तुझ्या बाबांचे, पाय बाहेर येतील, पण गोधडी तुझी आहे. वरखालच्या दोन थरांचे जोड शिवून घे. आतल्यांचे शिवू नकोस, एक इंच एकमेकांवर नुसते चढव, म्हणजे मध्ये वळी उठत नाही. आणि चारही जोड एकाच बाजूला येऊ देऊ नकोस. एक डावीकडे, एक उजवीकडे अशी पट्टी फिरव.

पसरायचं काम बैठकीत कर. लादीच्या रेघा सरळ असतात, त्यांना कड लाव. पंखा बंद ठेव, नाहीतर मलमलीचा थर उडून सोफ्यावर जाईल. खालचा थर उलटी बाजू वर करून पसर आणि चारही कोपरे चिकटपट्टीने लादीला चिकटव. त्यावर आतले दोन, मग वरचा. प्रत्येक थर मध्यातून कडेकडे तळहाताने सारव. आता कच्चे टाके, दोन-अडीच इंचांचे, मध्यापासून चारी दिशांना, वीत-वीत अंतरावर. सेफ्टी पिना लावून मोकळं होऊ नकोस. पावसाळ्यात त्यांना गंज चढतो आणि डाग जात नाही.

हे टाचणं कंटाळवाणं आहे, म्हणून बहुतेकजणी तेच टाळतात आणि तिथेच गोधडी बिघडते. आपली पद्धत कडेपासून आत, चौकोनात चौकोन फिरत मध्याकडे जायची. त्यात सैल कापड पुढेपुढे ढकललं जातं आणि शेवटी मधोमध फुगा अडकतो. टाके घालून तो बसत नाही, फक्त त्याची चुणी होते. फुगा दिसला की शेवटच्या दोन-तीन रांगा उसव, कापड पुन्हा सारव, पुन्हा टाच आणि मग पुढे जा.

दोरा सुतीच हवा. मंगळ बाजारात सुती मागितलास तरी दुकानदार पॉलिस्टरचं रीळ हातावर ठेवेल. तिथेही धागा जाळून बघ, लाजू नकोस. पॉलिस्टरचा दोरा जुन्या सुतापेक्षा मजबूत असतो. ताण पडला की टाका शाबूत राहतो आणि कापड फाटतं. सुई लांब, मोठ्या नेढ्याची घे. मीटरभर दोरा काढून दुहेरी कर. त्याहून लांब घेतलास तर गाठी पडतात आणि नेढ्याशी दोरा पिंजतो. दोरा मधमाशीच्या मेणावरून ओढ. मेणबत्तीचंही चालतं, पण इस्त्रीखाली त्याचा तेलकट डाग उतरतो.

टाका साधा धावदोरा, तांदळाच्या दाण्याएवढा, इंचाला तीन. दोन रांगांत एका बोटाचं, म्हणजे पाऊण इंचाचं अंतर. अशा सगळ्या रांगा मिळून जवळजवळ १४५ मीटर होतात. दोरा दुहेरी आणि कापडात थोडा जिरतोही, म्हणून ४०० मीटर धर आणि एकदमच आण. पुढच्या खेपेला तोच रंग मिळतो असं नाही. टाके होतात सतरा हजारांच्या आसपास. आकडा ऐकून घाबरू नकोस. एका सुईत, म्हणजे एकदा ओवलेल्या दोऱ्यात, सव्वा फूट शिवून होतं. तेवढ्याला पाच मिनिटं लागतात. अख्ख्या गोधडीला पावणेचारशे-चारशे सुया.

मोजायचं ते सुयांनीच. ज्या दिवशी काही सुचत नाही त्या दिवशी एकच सुई. दोरा संपला की गाठ मार आणि ऊठ. बरं वाटलं तर चार कर, पण ‘आज एक फूट झालंच पाहिजे’ असलं काही स्वतःला सांगू नकोस. शिवताना डोळे टाक्यावर लागतात आणि हात एकाच ठेक्यात चालतात. त्या पाच मिनिटांत मन फार लांब पळत नाही. रडू थांबेल असं मी म्हणत नाही. डोळे भरून आले तर सुई आधी सुईदाणीत खोच. गादीत, उशीत, कुडत्याला कधीच नाही. घेतल्या सुया आणि ठेवल्या सुया रोज मोज, आणि एक लोहचुंबक जवळ ठेव.

दादाला सुया ओवायला दे. संध्याकाळी दहा सुया ओवून सुईदाणीत लावून ठेवल्या की तुझं काम चालू राहतं आणि त्याला शेजारी बसायला कारण मिळतं. चष्मा लावून नेढं शोधण्यात त्याचाही अर्धा तास जाईल. बोलायलाच पाहिजे असं काही नाही.

इथे साशिको म्हणतात त्या शिवणकामातली एक गोष्ट मात्र उचल. जपानचा हा उत्तरेकडचा भाग थंड, कापूस पिकत नाही. जुने सुती कपडे दक्षिणेकडून जहाजाने यायचे. चिंधीवर चिंधी ठेवून धावदोरा घालायचा, म्हणजे आपलीच गोधडी. वरच्या त्सुगारू भागात कोगिन म्हणून प्रकार आहे. त्यात ताण्याचे, म्हणजे कापडातले उभे, धागे विषम मोजतात, एक-तीन-पाच. मोजण्यात चूक झाली की नक्षी तिथल्या तिथे मोडते. साशिकोत कापड सुईवर हलवत चार-पाच टाके एकदम चढवतात आणि दोरा ओढल्यावर अंगठा नि बोटांमध्ये रांग धरून सुरुवातीकडून सुईकडे निपटतात. त्याला इतो-शिगोकी म्हणतात. प्रत्येक सुईनंतर हे केलंस की दोऱ्याने ओढलेलं कापड पुन्हा सपाट होतं. आपल्याकडे चुणी पडली की दोरा कच्चा म्हणतात. दोरा बिचारा बरा असतो, ओढणारा हात कडक असतो. कोपऱ्यावर वळताना तर दोरा मुगाएवढा सैल सोड.

गाठ वर ठेवू नकोस. सुई दोन थरांच्या मध्ये घाल, गाठ आत ओढून घे आणि पहिला टाका उलटा घाल. वर राहिलेली गाठ पहिल्या धुण्यात सुटते.

किनार शेवटी. साडीचे काठ उसवून वापरता येतात, पण सुताच्या साडीला रेशमी काठ असेल तर तो आधी वेगळा धुऊन घे. दोन्हींचं आटणं सारखं नसतं, नंतर कड लाटांसारखी होते. जरीचा काठ गालाला टोचतो, तो गोधडीला नको, देवघरातल्या आसनाला लाव.

अडलीस तर समोरच्या गुजराती बांना विचार. त्या गोदडी म्हणतील, धडकी म्हणतील, हात तोच. टाचताना दोन माणसं असली की काम निम्म्या वेळात होतं. त्याहून पद्धतशीर शिकायचं असेल तर महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालय आहेच, १९१४ पासून बडोद्यात बायकांना शिवणकाम शिकवतंय.

रात्री गडद कापडावर गडद दोरा घेऊन बसू नकोस, मांडीवर उशी ठेवून काम उचलून घे, मान वाचते. धुताना मोठ्या टबात पायाने तुडव आणि गच्चीत खाटेवर आडवी वाळव. दोरीवर एका कडेने लटकवलीस तर ओल्या वजनाने वरचे टाके तटतात. ठेवायची सुती कापडात, प्लॅस्टिकमध्ये नाही.

पार्सल काल टाकलं. त्यात पांढऱ्या सुती दोऱ्याच्या लडी, सहा सुया आणि तळहातावर बसणारं चामड्याचं अंगुस्तान आहे. ते मधल्या बोटाच्या मुळाशी घालायचं, चकती तळव्याकडे, आणि सुईची मागची बाजू तिच्यावर टेकवायची. पहिल्या दिवशी हात अवघडेल.

पहिली रांग झाली की फोटो पाठव. उलट्या बाजूचा.

तुझी,
आत्या