तोल जातो तो दारूमुळेच, असे नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघू लागल्या की आमच्या औषध दुकानात ‘फीटच्या गोळ्या, सहा महिन्यांच्या एकदम द्या’ असे म्हणणारे येऊ लागतात. हातातली चिठ्ठी घडीवर फाटलेली, कधीकधी अनेक वर्षांपूर्वीची. त्यावर बहुतेक वेळा फेनिटॉइन लिहिलेले असते. ‘आधी डॉक्टरांना पुन्हा दाखवा’ म्हटले तर मुकादमाची गाडी दुसऱ्या दिवशी पहाटे निघणार असते. या लोकांबद्दल मला आपल्या वृत्तपत्रातून काही मागायचे आहे.

फेनिटॉइन हे चांगले औषध आहे. १९३८ पासून ते अपस्मारावर वापरात आहे, स्वस्त आहे, आणि त्याने असंख्य लोकांच्या फीट थांबल्या आहेत. योग्य औषध मिळाले तर अपस्माराच्या सुमारे ७० टक्के रुग्णांना फीटपासून मुक्त राहता येते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण या औषधाची एक बाजू रुग्णाला कोणी समजावून सांगत नाही. रक्तातली त्याची पातळी वाढली की ते लहान मेंदूला बाधते. डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर असलेला हा भाग वजनाने मेंदूच्या जेमतेम एक दशांश, पण मेंदूतल्या निम्म्याहून अधिक चेतापेशी त्यात असतात. चालताना तोल सांभाळणे, हात नेमका पेल्यापर्यंत नेणे, शब्द नीट उच्चारणे ही कामे त्याच्याकडे. तो बिघडला की माणूस पाय फाकवून झोकांड्या देत चालतो, जीभ जड होते, बुबुळे थरथरतात, कधी एकाचे दोन दिसतात.

दारूचा अंमलही याच लहान मेंदूवर होतो. म्हणून बघणाऱ्याला दोन्ही चाली सारख्याच दिसतात, आणि आपल्याकडे निष्कर्ष एकच निघतो: ‘पिऊन आलाय.’ माझ्याकडे गोळ्या नेणाऱ्या एका तोड मजुराला फडात याच कारणावरून टोळीतून काढले. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, त्यामुळे बायकोचेही काम गेले आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल अंगावर राहिली. हा माणूस दारूला शिवत नव्हता. पुढे शहरात रक्त तपासले तेव्हा फेनिटॉइनची पातळी मर्यादेच्या बरीच वर निघाली. काही रुग्ण पितात, हेही खरे. त्यांच्या लहान मेंदूवर मग दोन्हीकडून मार बसतो. पण तोंडाला वास नसलेल्या माणसालाही दारुडा ठरवताना कोणी थांबून विचारत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

पातळी इतकी का वाढते, हे समजण्यासारखे आहे. बहुतेक औषधांचा डोस वाढवला की रक्तातले प्रमाण त्याच हिशेबाने वाढते. फेनिटॉइनचे तसे नाही. यकृताची ते मोडण्याची ताकद ठरलेली असते. साखर कारखान्याची गाळप क्षमता संपली की गव्हाणीपुढे गाड्यांची रांग लागते, तसे ते पुढे साचत जाते. दिवसाला ३०० मिलिग्रॅमवर ठीक असलेल्या रुग्णाला ४०० दिले, तर पातळी दुपटीवरही जाऊ शकते. रक्तात ती साधारण १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर असावी लागते. २० च्या वर बुबुळे थरथरू लागतात, ३० च्या आसपास चाल बिघडते, ४० पुढे माणूस गुंगीत जातो. अंगात प्रथिने कमी असतील तर तपासणीत आकडा ठीक दिसूनही त्रास होतो, आणि आमच्या भागातल्या मजुरांची अंगकाठी पाहिली तर ही शक्यता दूरची नाही.

यात स्थलांतराची भर पडते. तिकडे कोल्हापूर-सांगलीकडे गोळ्या संपल्या की मिळेल त्या कंपनीच्या घेतल्या जातात. काही गोळ्या चुकल्या की त्या भरून काढायला एकदम जास्त घेतल्या जातात. ऑस्ट्रेलियात १९६८ च्या सुमारास फेनिटॉइनच्या कॅप्सूलमधली भरणी कॅल्शियम सल्फेटऐवजी लॅक्टोजची केली गेली. औषध तेच, मात्रा तीच. तरी ते शरीरात जास्त शोषले गेले आणि अनेक रुग्णांचा तोल जाऊ लागला. जेनेरिक औषधे वाईट, असे मला मुळीच म्हणायचे नाही. या एका औषधाची कंपनी मात्र डॉक्टरांना न सांगता बदलू नये, एवढेच. घरात कोणाला क्षय झाला म्हणून प्रतिबंधासाठी आयसोनायझिड हे औषध सुरू झाले, तरी फेनिटॉइनची पातळी चढू शकते. गोळ्या देणाऱ्याने ‘फीटचे औषध चालू आहे का?’ हे विचारायलाच हवे.

दुखणे लवकर ओळखले तर डोस कमी करून तोल बहुधा परत येतो. वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले तर लहान मेंदू आक्रसतो, आणि त्यातल्या मेलेल्या पर्किंजे नावाच्या चेतापेशी पुन्हा उगवत नाहीत. वारंवारच्या मोठ्या झटक्यांनीही हा भाग आक्रसू शकतो, म्हणून दोष सगळा औषधाचा असेलच असे नाही. पण हे ठरवायला कोणीतरी रुग्णाला तपासायला तर हवे. हिरड्या सुजून दातांवर आलेल्या मी काउंटरवरून पाहतो. तीही बरेच दिवस फेनिटॉइन चालू असल्याची खूण असते.

२०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला, तेव्हा कुठे या मजुरांच्या आरोग्याकडे लक्ष गेले. अपस्माराचा प्रश्न तेवढा गाजणार नाही, कारण फीट येते हे लोक लपवतात. मुलीला येत असेल तर जास्तच. १९९९ मध्ये विवाहविषयक कायद्यांतून अपस्मार नसावा ही अट काढली गेली, पण सोयरिक जुळवताना ती आजही मनात असते.

म्हणून आरोग्य खात्याला विनंती आहे की टोळ्या निघण्याआधी उपजिल्हा रुग्णालयांत अपस्माराच्या जुन्या रुग्णांची एक फेरतपासणी व्हावी. एका रेषेत पावलापुढे पाऊल टाकून चालायला सांगणे, बोट नाकाला लावायला सांगणे, डोळे पाहणे, याला यंत्र लागत नाही. संशय आला तर फेनिटॉइनच्या पातळीची तपासणी मोफत व्हावी. आमच्या तालुक्यात ती होतच नाही, नमुना शहरात पाठवावा लागतो आणि मजूर पैशाअभावी ती टाळतो. लेव्हेटिरॅसेटॅमसारखे लहान मेंदूला सहसा न बाधणारे औषध राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहे. ज्यांना फेनिटॉइन सोसत नाही त्यांना ते हंगामभर पुरेल इतके मिळावे, आणि औषध व मात्रा लिहिलेले एक कार्ड सोबत द्यावे, म्हणजे कारखान्याकडच्या डॉक्टरालाही कळेल.

हे पत्र वाचून कोणी आपली गोळी बंद करू नये, अशी हात जोडून विनंती. फेनिटॉइन एकाएकी थांबवले तर एकामागून एक झटके येऊन जीव जाऊ शकतो. चाल बिघडली असेल तर सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून डॉक्टरांकडे जावे आणि ‘रक्तातली पातळी तपासायची का?’ असे स्पष्ट विचारावे.

आपला,
एक औषधविक्रेता
जि. बीड