मुरमाच्या खदानीतल्या फोरमन मामांना जाहीर आभार

मामा, सा. न.

फोनवर आभार मानले तर "बरं बरं, कामाकडे बघ" म्हणून ठेवून द्याल. म्हणून चारचौघांत लिहितेय.

तुम्ही भरावाच्या कामावर आलात तेव्हा खोदणाऱ्या एका पोकलेनमागे हायवांची (मोठ्या डंपरांची) रांग असायची, आणि मालकांचं पालुपद एकच, गाड्या वाढवा. तुम्ही वाद घातला नाहीत. मोबाइलवर स्टॉपवॉच लावून भर उन्हात खदानीत उभे राहिलात.

मग सिमेंटच्या रिकाम्या गोणीवर मांडलेला तो हिशोब! घनमीटरभराची बकेट, खोदून-वळून-ओतून वीस सेकंद. पाच ब्रासची (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) हायवा म्हणजे चौदा बकेट. गाडी रिव्हर्स लावण्यासकट सहा मिनिटं. जाऊन, खाली करून परत यायला चोवीस. फेरी तिसाची, भागिले सहा, म्हणजे गाड्या पाच. सहावी लावली तरी तासाला खेपा दहाच. तिचं भाडं नुसतं रांगेत जातं. चार ठेवल्या तर खेपा आठ, आणि पोकलेन बसून. त्यातही भराव दोन किलोमीटर पुढे सरकला की ताशी वीसच्या वेगाने फेरीत बारा मिनिटं वाढतात आणि त्याच पोकलेनला सात गाड्या लागतात. कॉलेजात हे सूत्र परीक्षेपुरतं होतं. (मार्कही बरे पडले होते, ते सोडा.)

तरी सहा मिनिटं तुम्हाला खुपतच होती. पोकलेन मुरमाच्या पायरीवर चढवलंत, हायवा खालच्या अंगाला अगदी जवळ घ्यायला लावलीत. अर्धा वळसा घेणारी बूम (पोकलेनचा लांब हात) पाव वळशात ओतायला लागली आणि भराई पाच मिनिटांवर आली. त्यामुळे भराव जवळ असतानाच सहावी गाडी खरोखर लागली! "मी म्हणतच होतो," असं मालक म्हणाले तेव्हा तुम्ही मिशीत हसलात, बोलला नाहीत.

ड्रायव्हरांचं मात्र सांगायलाच हवं. त्यांना पैसे खेपेवर. रांगेत नंबरावरून रोज शिवीगाळ व्हायची, आणि गेलेला वेळ भरून काढायला उतारावर गाड्या सुसाट सुटायच्या. आता खेपा ठरल्यासारख्या पडतात, दुपारचा डबा निवांत खाता येतो. त्यांच्यातल्या दोघांनी मला बजावलंय, मामांना आमचंही नाव घालून लिहा. नावं घालत नाही, पण हे पत्र त्यांचंही समजा.

तुमची,
साइटवरची इंजिनियर