आरशातली दुसरी खोली

संपादक साहेब, स.न.वि.वि.

एआय म्हटलं की आपल्या पेपरात फक्त चॅटबॉटच्याच बातम्या, पण कॉम्प्युटर व्हिजनमध्ये (म्हणजे कॉम्प्युटरला फोटो बघून समजायला शिकवणं) जे चाललंय त्यावर कोणी लिहीतच नाही. एखाद्या जागेचे चहूबाजूंनी शे-दोनशे फोटो काढायचे, मग कॉम्प्युटर आधी कुठला फोटो कुठून काढला ते शोधतो आणि ती जागा अशी उभी करतो की आपण आत फिरू शकतो, ज्या कोनातून फोटोच नाही तिथूनही! २०२० ला यासाठी नर्फ (NeRF) नावाची पद्धत आली तेव्हा एकेका सीनला दिवस-दिवस लागायचा, २०२३ ला फ्रान्सच्या इन्रिया या संशोधन संस्थेतून गॉशियन स्प्लॅटिंग ही नवी पद्धत आली, म्हणजे लाखो रंगीत अर्धपारदर्शक ठिपके (ठिपके कसले, लंबगोल फुगेच ते) आणि तेच काम तासाभरात, वर फिरताना चित्र अडकत पण नाही.

मी आमच्या हॉलवर करून बघितलं. सोफा झकास आला, कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर मात्र सगळा घोळ, कारण जुळवायला खूणच नाही, आणि आरशामागे तर चक्क आणखी एक हॉल तयार झाला, बायको म्हणाली भाड्याने देऊ.

कोणीतरी जाणकार गाठून यावर एक लेख छापा की.

- एक वाचक, पुणे