एलिफंट माउंटनच्या वाटेवर भेटलेल्या आजोबांस

प्रिय आजोबा,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव कुठे लिहायचं नाही, असं निघताना तुम्ही बजावलं होतंत, म्हणून नुसतं आजोबा. माझ्या लेकाने पहिल्या पाच मिनिटांतच तुम्हाला ही हाक मारली आणि अर्थ कळल्यावर तुम्ही टोपी काढून त्याच्यापुढे मान लववलीत, ते आठवतं. पत्र मराठीत लिहिते आहे, कारण बाबांचं म्हणणं, आभार आधी आपल्या भाषेत मानावेत, मग समोरच्याला समजावून सांगावेत. फोनवर सावकाश इंग्रजीत वाचून दाखवीनच. पण तुम्ही काय केलंत हे आमच्या माणसांनाही कळावं, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मे महिन्याचा शेवट होता, मेमोरियल डेची, म्हणजे शहीद सैनिकांच्या स्मरणदिनाची सुट्टी. बॉस्टनजवळून पाच तास गाडी चालवून आम्ही मेन राज्यात, मूसहेड सरोवराच्या टोकाला असलेल्या तुमच्या ग्रीनव्हिलला पोहोचलो. लिली बे रोड सोडून प्रॉन्ग पाँडच्या कच्च्या रस्त्याला लागलो आणि मोबाइलची रेंज गेली. रात्री पाऊस झाला होता. लाकडाच्या ट्रकसाठी केलेला रस्ता, आमची शहरी गाडी. एका वळणावर उजवं चाक चिखलात रुतलं ते रुतलंच. पाऊण तास कोणी आलं नाही. बाबा सत्तरीपुढचे, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले. ते गाडीत गप्प बसून होते आणि मला अपराधी वाटत होतं, कारण नाशिकहून येताना त्यांनी माझ्याकडे एवढी एकच गोष्ट मागितली होती: एलिफंट माउंटनवर 1963 मध्ये कोसळलेल्या अमेरिकन बी-52 बॉम्बर विमानाचे अवशेष पाहायचे.

मग तुमचा पिकअप आला. तुम्ही साखळी लावून गाडी ओढून काढलीत, हे उपकार मोठेच. पण कुठे निघालात विचारल्यावर मी "बी-52" म्हटलं, तेव्हा तुम्ही बाबांच्या हातातल्या काठीकडे पाहिलंत, घड्याळाकडे पाहिलंत आणि म्हणालात, "मी येतो बरोबर." तुम्हाला कुठेतरी जायचं होतं. नंतर कळलं की मुलीकडे जेवायला बोलावलं होतं. तिची मी मनापासून माफी मागते.

ती पाऊलवाट धडधाकट माणसाला फार लांबची नाही. आम्हाला मात्र पुरता एक तास लागला, कारण तुम्ही बाबांच्या पावलाने चाललात. ओल्या मुळांवर आधी स्वतःचा बूट ठेवून पाहायचात, मग त्यांना हात द्यायचात. काळ्या माश्यांचा थवा डोक्याभोवती घोंघावायला लागला तेव्हा स्वतःची जाळी काढून बाबांच्या टोपीवर चढवलीत आणि वाटभर स्वतः मान चापटत राहिलात.

झाडीत पहिला पत्रा दिसला आणि बाबा थांबले. मग दुसरा, मग पंखाचा तुकडा, मग तुटक्या नळ्या आणि फासळ्या उघड्या पडलेलं विमानाचं धड. फर आणि बर्चची झाडं त्यांच्यामधून वाढलेली. बाबांबद्दल मी तुम्हाला तोवर काही सांगितलं नव्हतं. ते भारतीय हवाई दलात एअरफ्रेम फिटर होते. ओझरच्या दुरुस्ती डेपोत मिग विमानांचे पत्रे आणि ते जोडणारे रिव्हेट (धातूचे खिळे) तपासण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. त्यांनी एका फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलं आणि मला म्हणाले, "रिव्हेट धरून राहिलेत गं. पत्रा फाटलाय." मी भाषांतर केलं. तुम्ही तिथंच बुंध्यावर बसलात आणि म्हणालात, "त्यांना सांगू दे. सगळं सांगू दे."

इतकी वर्षं मी त्यांची मुलगी आहे, पण त्यांना असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. हवाई दलातला माणूस घरी कामाचं बोलत नाही, असंच मी धरून चालले होते. त्या दिवशी कळलं, कोणी बसून विचारलंच नव्हतं.

ते सांगत गेले. 24 जानेवारी 1963. मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्टओव्हर तळावरून निघालेलं बी-52 सी. आठ इंजिनं, 185 फुटांचा पंखविस्तार, आत नऊ माणसं. हे विमान बांधलं होतं फार उंचावरून उडण्यासाठी. पण सोव्हिएत रडार आणि क्षेपणास्त्रांच्या धास्तीने त्याला जमिनीलगत उडवायचं ठरलं आणि वैमानिकांना डोंगराळ भागावरून, जमिनीपासून जेमतेम 500 फुटांवर, रडारच्या आधाराने उडण्याचा सराव दिला जाऊ लागला. खालची हवा डोंगरांवर आपटून उसळते. त्या दुपारी वारा 40 नॉटपर्यंत, म्हणजे ताशी सुमारे 75 किलोमीटरपर्यंत जात होता. वैमानिकाने वर चढायला सुरुवात केली आणि मोठा आवाज झाला. शेपटीचा उभा पंख तुटून गेला होता. तो पुढे मुख्य अवशेषांपासून सुमारे दीड मैलावर सापडला. शेपूट गेल्यावर एवढं मोठं विमान सावरायला हातात काही उरत नाही, हे बाबांनी स्वतःचा पंजा तिरका करून दाखवलं. मग तोच पंजा त्यांनी खाली नेला आणि थोडा वेळ तिथंच धरून ठेवला.

बाहेर पडायला काही सेकंद होते. खालच्या मजल्यावरच्या इजेक्शन सीट (माणसासकट विमानाबाहेर फेकल्या जाणाऱ्या) खालच्या दिशेने सुटतात, त्यामुळे इतक्या कमी उंचीवर त्या बिनकामाच्या. जादा बसलेल्यांना तर तशी सीटच नसायची. तिघे बाहेर फेकले गेले. सहवैमानिक मेजर रॉबर्ट मॉरिसन झाडावर आदळून गेले. वैमानिक लेफ्टनंट कर्नल डान्टे बुली जमिनीपासून 30 फुटांवर झाडात अडकले. नॅव्हिगेटर कॅप्टन जेराल्ड अ‍ॅडलर यांचं पॅराशूट उघडलंच नाही. ते सीटसकट पाच फूट बर्फात कोसळले, कवटी आणि बरगड्या मोडल्या, आणि तरी वाचले. रात्री पारा उणे 34 अंश सेल्सियसच्या आसपास उतरला. सीट इतकी वाकली होती की त्यांना आतलं बचावाचं सामानही काढता आलं नाही. न उघडलेलं पॅराशूटच त्यांनी अंगाभोवती गुंडाळून घेतलं. गोठल्यामुळे पुढे त्यांचा एक पाय काढावा लागला.

इथून पुढचं तुम्ही सांगितलंत, आणि तुमचा आवाज बदलला, कारण हा तुमच्या गावाचा भाग होता. स्कॉट पेपर कंपनीचे बर्फ हटवणारे नांगर रस्त्यावर उतरले आणि 15 फुटांपर्यंत साठलेले बर्फाचे ढीग फोडत त्यांनी दहा मैल रस्ता मोकळा केला. शेवटचा मैल माणसं बर्फात न रुतणारे स्नोशूज घालून, कुत्र्यांच्या घसरगाड्या आणि स्नोमोबिल, म्हणजे बर्फावरच्या मोटरगाड्या, घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास दोघांना हेलिकॉप्टरने हलवलं. तीस वर्षांनी, 1993 मध्ये, मूसहेड रायडर्स या तुमच्या स्नोमोबिल क्लबने तिथे स्लेटची शिळा बसवली. दर जानेवारीत बर्फातून तिथे जाऊन तुम्ही लोक त्या सात जणांना मान देता. "आमच्या डोंगरावर पडले, म्हणजे ते आमचेच," असं तुम्ही म्हणालात. बाबांना याचं भाषांतर लागलं नाही.

आजोबा, माझ्या लेकाबद्दलही आभार मानायचे आहेत. त्याने एक रिव्हेट उचलून खिशात टाकला होता. माझं लक्षच नव्हतं, तुमचं होतं. तुम्ही ओरडला नाहीत. त्याच्यासमोर उकिडवे बसलात आणि विचारलंत, "कुठून उचललास, दाखवशील?" त्याला जागा नीट सापडेना. तुम्ही दोघं वाकून पानं बाजूला करत राहिलात, आणि मातीतला तो रिव्हेटाएवढा खळगा सापडल्यावर त्याने तो तिथंच ठेवला. वर एक पान ठेवलं. हे मी त्याला शंभरदा सांगून शिकवलं नसतं.

शिळेपाशी बाबांनी खिशातून वही काढली. सात नावं त्यांनी देवनागरीत उतरवून आणली होती, हे मलाही ठाऊक नव्हतं. सिम्प्सन, गेब्रियल, हिल, मॉरिसन, हॅन्सन, ल्युक्टर, ओ'कीफ. एकेक नाव हुद्द्यासकट वाचलं आणि सॅल्यूट केला. काठी तुम्ही धरली होतीत.

त्यानंतर बाबा का रडले, हे तुम्ही विचारलं नाहीत. म्हणून आज सांगते. 7 फेब्रुवारी 1968 रोजी चंदीगडहून लेहला निघालेलं आमच्या हवाई दलाचं एएन-12 विमान हिमालयात नाहीसं झालं. आत 102 जण होते. पहिले अवशेष 2003 मध्ये हिमनदीत दिसले, आणि 2024 मध्येसुद्धा चार देह सापडले. बाबा भरती झाले तेव्हा त्या विमानाची गोष्ट दर बराकीत होती. कुठे पडले, कसे पडले, कोणाला काही माहीत नाही, आणि कोणाची आई, कोणाची बायको वाट पाहतेय. बाबा मला गाडीत म्हणाले, "त्यांच्या घरच्यांना उभं राहायला जागाच नव्हती. इथे आहे. आणि कोणीतरी वाटेवरची पानंसुद्धा झाडून ठेवतंय."

येताना तुम्ही त्यांना पुढे चालू दिलंत. उतरताना त्यांनी एकदाही हात मागितला नाही.

सोबत एक पुडकं पाठवते आहे. नाशिकचे बेदाणे आहेत, बाबांनी स्वतः निवडलेले, आणि तुमच्या मुलीसाठी एक सुती शाल. वहीतलं ते पानही आहे. बाबा म्हणतात, या जानेवारीत तुम्ही सगळे वर जाल तेव्हा शिळेवरचा बर्फ हाताने पुसा, आणि ते पान एवढ्यापुरतं तिथे ठेवून पुन्हा खिशात घालून घरी आणा. जंगलात काही टाकायचं नाही आणि तिथलं काही उचलायचं नाही, हे त्यांच्या नातवाने त्यांना दोनदा बजावलं आहे.

तुमची,
चिखलात रुतलेल्या गाडीतली मुलगी