मात्रा मोजायला लावणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

‘पिपांत मेले ओल्या उंदिर’ शिकवताना बहुतेक ठिकाणी यंत्रयुग, वैफल्य, नवकविता एवढ्यावर तास आटोपतो. तुम्ही मात्र आशयाला हात लावू दिला नाहीत. आधी कविता मोठ्याने म्हणायला लावलीत, मग बोटांवर मात्रा मोजायला. ऱ्हस्वाची एक, दीर्घाच्या दोन. प्रत्येक ओळ आठ आणि आठ, सोळा भरली. १९४७ साली ‘काही कविता’मधून आलेली मर्ढेकरांची ही कविता चक्क पादाकुलकात, म्हणजे आठ-आठ मात्रांच्या जुन्या वृत्तात आहे! ‘उंदिर’, ‘देउन’, ‘घेउन’ ऱ्हस्व का, तेही तेव्हाच उलगडलं.

‘काचेचे पण;’ आणि ‘मधाळ पोळें’ या दोन तुटक ओळींपाशी तुम्ही मला बराच वेळ थांबवलंत. आठ मात्रा इथे, आठ तिथे. म्हणजे कागदावर ओळ मोडली, पण ठेका मोडला नाही. आणि ओळ मोडल्यामुळेच ‘डोळे–पोळें’ हे यमक एकटं उघडं पडतं. लगेच पुढे ‘तेही–बेकलायटी’ (बेकलाइट म्हणजे एक कडक प्लॅस्टिक), जिथे नुसती शेवटची ‘ई’ जुळते. ‘बेकलायटी’ आठ मात्रांचा, तोच पुन्हा, की ओळ संपली. दुसऱ्या शब्दाला जागाच नाही.

त्याहून मोठं देणं ‘सक्ती’चं. ‘जगायची पण सक्ती आहे, मरायची पण सक्ती आहे’ इथे यमक नाहीच, तेच शब्द परत येतात, सुटकेला वाट नाही. वर ‘आसक्तीविण’ येऊन गेलेलं असतं. आसक्ती गेली, सक्ती उरली, हे कानाने ऐकायला तुम्ही शिकवलंत. त्या दुपारी अंगावर काटा आला होता.

आता कुठलीही कविता मी आधी म्हणतो, मग वाचतो. ही सवय तुमची. तुमचे आभार कसे मानू?

एक विचारायचं राहिलंय. मर्ढेकरांचीच ‘न्हालेल्या जणु गर्भवतीच्या’ हीसुद्धा सोळा मात्रांचीच. पण तिथे लय संथ, प्रसन्न वाहते. मला वाटतं, तिथे वाक्य ओळ ओलांडून पुढे जातं, तर उंदरांच्या कवितेत जवळजवळ प्रत्येक ओळ विरामचिन्हाशी ठेचकाळते. तुम्हाला काय वाटतं? दोन्ही तुमच्यासमोर एकदा म्हणून पाहायच्या आहेत. कधी येऊ ते कळवा.

तुमचा विद्यार्थी